शंभर उलटी पावलं

आधीच सांगून ठेवते, ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. एक शब्द जरी खोटा निघाला तर माझे उरलेसुरले चार दात आजच्या आज गळून पडोत. मोठ्यानं सांगते, म्हणजे मागं बसलेल्यांनाही ऐकू जाईल. ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या. पुढं एक शेळी यायचीय, तेव्हा मला मध्ये तोडू नका.

तर एक दोर वळणाऱ्यांचं घर होतं. नदीच्या वरच्या अंगाला, उतारावर. गाव सगळं चढाचं नाहीतर उताराचं, पाऊल टाकावं तिथं धोंडा. सपाट जागा म्हणाल तर एकच, यांच्या घरामागची दोरवाट. शंभर पावलं लांब, दोन हात रुंद, तीन पिढ्यांच्या टाचांनी चोपून काढलेली. एका टोकाला मोठं लाकडी चाक, दुसऱ्या टोकाला खांब. वाख म्हणजे झाडाच्या सालीचे लांब लांब धागे. ते कमरेला गुंडाळायचे, त्यांची शेंडी चाकाच्या आकड्यात अडकवायची, एकानं चाक फिरवायचं आणि दुसऱ्यानं बोटांतून वाख सोडत सोडत मागं मागं जायचं. तोंड चाकाकडं, पाठ खांबाकडं. दोरवाटेवर चाकाकडं पाठ करून कुणी चालायचं नाही, हा घरचा कायदा. परत यायचं ते कडेच्या गवतातून. का, म्हणून विचारलं तर सासू सांगायची, "पीळ रुसतो." पीळ रुसलेला कुणी पाहिला नव्हता, पण सासू रुसलेली सगळ्यांनी पाहिली होती, म्हणून कायदा टिकून होता.

या घरची सून म्हणजे दोरवाटेची राणी. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच दिवशी मागं जाता जाता दोनदा उताणी पडली. पण वर्षभरात अशी तयार झाली की तिनं वळलेल्या पेडावरून मुंगी चालली तर तिला कुठं ठेच लागायची नाही. दिवसाला चाळीस फेऱ्या, आणि वर तोंडानं गाणं.

पुढं तिला दिवस गेले, आणि बाळंतपण जड गेलं. दोन दिवस चाललं. रक्त बरंच गेलं. मुलगी झाली. झोपली की दोराच्या वेटोळ्यासारखी गोल व्हायची, म्हणून तिचं नाव पडलं वेटोळी.

सून मात्र खाटेवरून उठली नाही. उठली नाही म्हणजे उठू दिली नाही. सासू स्वतः बाळंतपणानंतर चौथ्या दिवशी पाण्याला गेली होती आणि सातव्या दिवशी चाकाला लागली होती. तेव्हापासून तिची कंबर वाकडी झाली ती झालीच, आणि जोरात शिंकली तर कपडे बदलायला लागायचे. तेव्हा तिनं मनाशी पक्कं केलं होतं की आपल्या सुनेनं गवताची काडी उचलायची नाही. पाणी खाटेवर, जेवण खाटेवर, आणि चारचौघांत ज्याचं नाव घेत नाहीत तेही खाटेशेजारी, भांड्यात. ते भांडं सासू पदराखाली झाकून अंगणातून न्यायची आणि सून भिंतीकडं तोंड करायची.

पाच आठवडे झाले. सून जितकी पडून राहिली तितकी दमत गेली. अंग भिजलेल्या वाखासारखं जड. नाकावर माशी बसली तर ती उडवायला नवऱ्याला हाक मारावी लागायची, आणि नवरा येईतो माशीच कंटाळून निघून जायची. मागं चाक कुरकुरायचं. नवऱ्याची पावलं ती पडल्या पडल्या मोजायची, आणि साठाच्या पुढं मोजता मोजता तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. कशाचं, ते तिलाही ठाऊक नव्हतं. शेजारी वेटोळी झोपलेली असायची. तिच्याकडं बघून सुनेला वाटायचं, कुणाची तरी पोर थोडा वेळ सांभाळायला ठेवलीय आणि आपल्याच्यानं तेवढंही होत नाही.

त्यात दिवस कामाचे. नदीवरच्या नावेचा दोर विरत चालला होता, या काठापासून त्या काठापर्यंतचा, ज्याला धरून नाव ओढत न्यायचे. नदी चढायच्या आत नवा हवा होता. नावाडी एक दिवसाआड यायचा, हातावर हात घासत विचारायचा, "झाला का?" आणि घरात चार माणसांच्या कामाला तीन माणसं.

एका सकाळी सुनेला ऊन खायला मागच्या ओट्यावर बसवली. बाजूला विंचरलेल्या वाखाचा ढीग, कमरेइतका. वेटोळीचं दूध पिऊन झालं, नवरा घ्यायला पुढं आला. सुनेनं पोर उचलून त्याच्याकडं केली, आणि मध्येच तिचा उजवा हात गेला. दुखला नाही, मुरगळला नाही, नुसता गेला, पेड तुटावा तसा. वेटोळी घसरली आणि ढिगात पडली. मऊ वाखात गळ्यापर्यंत रुतली आणि शिंकली.

"पडली," सून म्हणाली.

"पडली कुठं, उतरली," नवरा म्हणाला आणि त्यानं पटकन तिला वाखातून बाहेर काढलं.

सासू दारात उभी होती. ती काही बोलली नाही. ती बोलत नसे तेव्हा समजायचं, आत काहीतरी ठरतंय.

दुपारी जेवताना बाहेर आलं. "वेटोळीला तिच्या आत्याकडं पाठवायची. वर्षभर."

आत्या म्हणजे सुनेची नणंद. नदीपलीकडं दिलेली, पिठाच्या चक्कीवाल्याकडं. तिची स्वतःची पोर आठ महिन्यांची होती आणि दूध दोघींना पुरून उरेल एवढं.

"माझी आहे ती," सून म्हणाली.

"मग तुझीच आहे. कुणी विकत घेतोय का तिला? तुझ्या अंगात जीव आला की परत आण."

"पण..."

"हातातला चमचा बघ."

सुनेनं बघितलं. चमचा थरथरत होता. तिनं तो खाली ठेवला.

सासरा सगळा जन्म त्या कुरकुरत्या चाकाशेजारी बसून अर्धा बहिरा झालेला. त्याला ही गोष्ट तीन वेळा ओरडून सांगावी लागली. म्हणजे सुनेनं ती तीन वेळा जास्त ऐकली. नावेचा दोर तीन आठवड्यांत होणार, तो ताणून बांधला की त्याच दिवशी नणंद येणार, आणि जाताना पोर घेऊन जाणार.

मंगळवारी नर्सबाई आली. स्कूटर उतारावर धोंडा लावून उभी करायची आणि आत येतानाच विचारायची, "कोण कोण रडतंय?" तिनं सुनेच्या डोळ्याची पापणी ओढून बघितली, दंडाला पट्टा बांधून फुगवला, टाके बघितले.

"टाके छान भरलेत. रक्त थोडं कमी आहे, या गोळ्या घे. मग पडून का आहेस?"

"थकवा आहे तिला," सासू म्हणाली.

"मी हिला विचारलं."

सून भिंतीकडं बघत म्हणाली, "थकवाच. आणि रडू येतं. कशाचं ते कळत नाही."

नर्सबाईनं पिशवी बंद केली आणि खाटेच्या कडेवर बसली. "येतं. पुष्कळ जणींना येतं. तो आळस नाही, आणि तुला काही वेड लागलेलं नाही. पण पडून पडून हा थकवा जात नाही, उलट मुरतो. आता मी करते तसं कर."

मग तिनं दाखवलं. पोट फुगवून सावकाश श्वास. घोटे गोल फिरवायचे, इकडून आणि तिकडून. खांदे गोल. मग म्हणाली, "आता खालचं अंग आत ओढून घ्यायचं, लघवी अडवताना आवळतो तसं. पाच मोजायचं, सोडायचं." सासऱ्याला दारात तोफ उडाली तरी ऐकू यायची नाही, पण एवढं वाक्य बरोबर ऐकू आलं. तो उठून शेळीला चारा घालायला गेला.

"आणि चालायचं," नर्सबाई म्हणाली. "सपाटीवर. आज दहा-बारा पावलं, उद्या दोन-तीन जास्त. चक्कर आली, दुखलं, अंगावरून जास्त गेलं, तर थांबायचं आणि मला निरोप द्यायचा. आणि रडू कमी झालं नाही तर तेही सांगायचं. लपवायचं नाही. त्यावरही उपाय असतो."

"आणि कंबर मोडली म्हणजे?" सासूनं विचारलं.

"कंबर वजन उचलून मोडते, आजी. बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही. बारा पावलांनी कुणाची मोडत नाही."

"आजी कुणाला म्हणते ही?" सासू पुटपुटली. तेव्हा तिला आजी होऊन आठ महिनेच झाले होते, सवय व्हायची होती.

नर्सबाई गेली. आता सपाटी म्हणजे दोरवाट. आणि दोरवाटेवर पाय मागंच जातात. घरातल्या एकालाही वाटलं नाही की नर्सबाईनं सरळ चालायला सांगितलं असेल. सुनेलाही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, चाक सुरू व्हायच्या आधी, नवऱ्यानं तिला धरून चाकापाशी आणली आणि खांबाकडं पाठ करून उभी केली.

सासऱ्यानं एक बारीक दोरी आणली. एक टोक तिच्या कमरेला सैलसर बांधलं, दुसरं आपल्या हातात ठेवलं.

"हे कशाला, मामंजी?" तिनं हातानं विचारलं.

"कळायला," तो म्हणाला. बहिरा माणूस, कमी बोलायचा आणि मोठ्यानं बोलायचा. पण दोर हातात असला की त्याला पलीकडच्या टोकाचा माणूस दमलाय का, रागावलाय का, सकाळी जेवलाय का, सगळं कळायचं.

"करा काय करायचं ते," सासू ओट्यावरून म्हणाली. "ज्या दिवशी हिची पाठ त्या खांबाला लागेल, त्या दिवशी मी म्हणेन पोर राहू दे. पण पोर छातीशी घेऊन लागली पाहिजे. उगाच बारा पावलं नाचून दाखवू नका मला."

सून निघाली. पहिलं पाऊल मागं टाकलं तेव्हा जमीन टाचेला ओळखीची लागली, तेवढंच बरं वाटलं. पाचव्या पावलाला मांड्या लटलटायला लागल्या. आठव्याला कानात शीळ वाजली. सासरा दोरी ढिली सोडत होता. त्यानं एकदम मूठ आवळली.

"पुरे."

"बारा म्हणाल्यात त्या," सून म्हणाली. त्याला ऐकू गेलं नसावं. ती थांबली, पोटात श्वास घेतला, आणि पुढच्या चार पावलांना जेवढा वेळ लागला तेवढ्यात एखाद्यानं जेवण उरकलं असतं. बाराव्या पावलाला ती होती तिथंच खाली बसली. सासऱ्यानं तिथं दोरीला गाठ मारली.

सासू तणतणत आतून खुर्ची घेऊन आली, वर उशी. "मातीत बसतेय. मग गारठा बसला की माझ्या नावानं ओरडाल."

असं रोज सुरू झालं. सकाळी खाटेवर श्वास, घोटे, खांदे, आणि ते पाच मोजायचं. मग दोरवाट. पंधरा पावलं. अठरा. वीस. दोरीला रोज नवी गाठ. नवरा मागं उभा राहून मागं मागं सरकायचा, ती पडलीच तर त्याच्या अंगावर पडावी म्हणून. दोघं एका ओळीत असे पाठमोरे चालले की वरच्या रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघायची. एक बाई म्हणाली, "काय ग, अजून बरं नाही का? आणि डोक्यावरही गेलं वाटतं?" सुनेचा चेहरा उतरला. सासूनं ओट्यावरूनच उत्तर दिलं, "आमच्या घरात असंच चालतात. तुम्ही सरळ चालून कुठं पोचलात?"

सुनेनं सासूकडं बघितलं. सासू वाख विंचरत होती, जसं काही बोललीच नाही.

आणि आता शेळी. ती दोरवाटेच्या कडेला बांधलेली असायची आणि रोज सकाळी हा प्रकार बघायची. आठव्या दिवशी तिला सोडली तर ती मागं मागं चालत निघाली. पाठमोरी स्वयंपाकघरात शिरली, पाठमोरी बाहेर आली. नावाड्यानं शपथेवर सांगितलं की ती त्याच्या नावेत पाठमोरी चढली आणि पलीकडच्या काठाला उतरताना तिला वाटलं आपण घरी आलो. दूध मात्र सरळच द्यायची.

सासूचंही एक होतं. वाख विंचरताना ती मध्येच थांबायची, नजर समोर लावायची, ओठ घट्ट मिटायची, पाच मोजायची आणि सोडायची. कुणाला पत्ता नाही. वाखाची धूळ नाकात जाऊन एकदा तिला लागोपाठ तीन शिंका आल्या आणि कपडे बदलावे लागले नाहीत. ती तिथंच बसून राहिली, एवढं मोठं तोंड करून. हे मला कसं ठाऊक, असं विचाराल. आहे ठाऊक.

दहा दिवसांत सून चाळिसाजवळ आली. आता भांड्याची गरज नव्हती, अंगणापलीकडं ती स्वतः जायची, आणि त्या गोष्टीचा तिला जितका आनंद झाला तितका लग्नातही झाला नसेल. दुपारी झोप लागायची ती खरी झोप. एकदा वेटोळीनं तिचं बोट मुठीत आवळलं, तर सुनेला वाटलं, ही पीळ बघतेय माझा. आणि तिला हसू आलं. हसू आलं हे तिच्या नंतर लक्षात आलं.

अकराव्या दिवशी घोटाळा झाला. सासरा भिजवलेला वाख आणायला नदीवर गेला होता. दोरी नवऱ्याच्या हातात आली, आणि मागं कुणीच नव्हतं. तेवढ्यात नावाडी येऊन सांगून गेला, "पलीकडून निरोप आहे. पोरीला न्यायची टोपली तयार आहे म्हणे, आत मऊ कापड घातलंय."

सुनेनं ते ऐकलं आणि निघाली. चाळीस झाली, थांबली नाही. नवरा दोरी सोडत सोडत नावेच्या दोराचं सांगत होता, किती वाख लागला, किती उरला. पन्नास. साठ. तिच्या डोळ्यांसमोर टोपली होती, त्यातलं मऊ कापड होतं. सत्तराव्या पावलाला तिचे पाय तिचे राहिले नाहीत. ती बसली, मग आडवी झाली, आणि नवऱ्यानं उचलून खाटेवर नेली तेव्हा अंगावरून पुन्हा जास्त जायला लागलं होतं.

"मला वाटलं तू मजेत आहेस," नवरा म्हणाला. त्याचा आवाज रडवेला होता.

 भांडं पुन्हा खाटेशेजारी आलं.

नर्सबाईला निरोप गेला, ती त्याच दुपारी आली. तपासलं. "घाबरण्यासारखं नाही, पण आणखी वाढलं तर दवाखान्यात न्यायचं, वाट बघायची नाही. किती चाललीस?"

"सत्तर."

"एकदम? कुठं? दाखवा मला."

सगळे तिला मागं घेऊन गेले. नवऱ्यानं चालून दाखवलं. चाकाकडं तोंड, खांबाकडं पाठ.

"उलटी?" नर्सबाई म्हणाली.

"मग कशी?" तिघांनी एकदम विचारलं.

नर्सबाईनं कपाळाला हात लावला. मग दोरवाटेवर स्वतःच्या टाचा आपटून बघितल्या. दोरीच्या गाठी बघितल्या, बारा, पंधरा, अठरा, अशा एका ओळीत. "जमीन चांगली आहे," ती शेवटी म्हणाली. "मागं माणूस नसेल तर एक पाऊल टाकायचं नाही. आणि दोरी यांच्याच हातात." तिनं सासऱ्याकडं बोट केलं. मग सुनेच्या खाटेपाशी जाऊन म्हणाली, "तुम्ही दोर वळता ना? घाईनं ओढला तर पेडाचं काय होतं?"

"तुटतो," सून म्हणाली.

"मग अंगाचंही तेच. दोन दिवस आराम. नंतर तिसापासून."

"तिसापासून सुरू केलं तर शंभर होणार नाहीत. दिवस उरले किती."

"शंभर मी कधी सांगितले?"

शंभर कुणी सांगितले होते ते नर्सबाईला ठाऊक नव्हतं. सासू दारातच उभी होती. तिनं नजर पायाकडं वळवली.

दोन दिवसांनी सून पुन्हा उभी राहिली. तीस. दुसऱ्या दिवशी सदतीस. चव्वेचाळीस. आता सासऱ्यानं मूठ आवळली की ती थांबायची, वाद घालायची नाही. मग खुर्चीवर बसून खांद्याचे गोल करायची आणि समोर नावेचा दोर जमताना बघायची. तीन जाड पेड, तीन खाचांचा लाकडी ठोकळा, आणि ठोकळ्यामागं वळत येणारा दोर, मनगटाएवढा. नवरा एकटा ओढून ओढून वाळला होता. ती बसल्या जागेवरून सांगायची, "डावा पेड ढिला पडतोय." आणि डावा पेड खरंच ढिला असायचा. विसाव्या दिवशी तिची गाठ शहात्तरावर पडली.

एकविसाव्या दिवशी सकाळी नावेचा दोर नदीवर ताणला गेला, आणि त्याच दोराला धरून आलेल्या पहिल्या नावेतून नणंद उतरली. अंगाला पीठ, भुवयांवर पीठ, काखेत टोपली, पाठीवर स्वतःची पोर.

"काय ग वहिनी, तू तर बरी दिसतेस. मला वाटलं होतं खाटेला चिकटलेली असशील."

"बसा, वन्सं. पाणी घ्या. मला जरा चालायचंय."

तिनं वेटोळीला फडक्यानं छातीशी बांधली. सासऱ्यानं दोरी कमरेला लावली. नवरा मागं जाऊन उभा राहिला. सासू ओट्यावर बसली, वाख न घेता, हात मांडीवर.

सून निघाली. उलटं चालण्यात एक गंमत असते. ज्यांच्यापासून आपण लांब जातो त्यांचीच तोंडं सगळा वेळ समोर असतात. तिला दिसत होती नणंद, पेला हातात धरलेली. सासू, ओठ मिटलेली. तीस. चाळीस. दोरी सरळ होती. साठाला वेटोळी शिंकली, तेव्हा वाखाच्या ढिगात शिंकली होती तशीच. सून थांबली, श्वास घेतला, तिचं नाक पुसलं, पुढं निघाली. सत्तर. मांड्यांमध्ये ती जुनी लटलट सुरू झाली, अगदी बारीक. वरून कुणाला दिसली नसती.

शहात्तराला सासऱ्यानं मूठ आवळली.

"पुरे."

सून थांबली. चोवीस पावलं राहिली होती.

 मग नणंदेनं पेला ठेवला, एक सुस्कारा सोडला आणि टोपलीतलं कापड सारखं केलं. "चांगलं चाललीस हो," ती म्हणाली, आणि ते तिनं मनापासून म्हटलं.

"खुर्ची," सून म्हणाली.

नवरा गवतातून धावत गेला, खुर्ची आणली, वर उशी. सून बसली. वेटोळीला सोडवली आणि पाजायला घेतली.

"वहिनी, नाव सुटेल ग."

"सुटू दे. दुसरी येईल. दोर नवा आहे." सुनेनं मान वर केली. "मामंजी पुरे म्हणाले, संपलं नाही म्हणाले. खांबाला पाठ लावायची असं ठरलं होतं. मध्ये बसायचं नाही असं कुणी म्हटलं होतं का, आई?"

सासू ओट्यावर जरा सरकून बसली.

वेटोळीचं दोन्ही बाजूंनी पिऊन झालं. ढेकर झाली. सुनेनं घोटे फिरवले, इकडून आणि तिकडून. पाच मोजले, सोडले. चांगली अर्धी सकाळ गेली. मग तिनं पोर पुन्हा छातीशी बांधली, उभी राहिली आणि सासऱ्याकडं बघितलं. त्यानं दोरी बोटांत धरून डोळे मिटले, जसं कुणी नाडी बघतं. मग मूठ सैल केली.

ऐंशी. पंच्याऐंशी. नवऱ्याला मागं सरकायला जागा राहिली नाही तसा तो बाजूला झाला. पंच्याण्णव. आता ती इतकी लांब होती की सासूचं तोंड नीट दिसत नव्हतं. एका पावलाला तिची टाच खांबाच्या बुंध्याला लागली, आणि मग पाठ. लाकूड उन्हानं तापलेलं होतं. ती टेकून उभी राहिली. हात थरथरत नव्हते. तिनं मुद्दाम बघितले.

तेव्हा सासू ओट्यावरून उतरली. गवतातून आली नाही. सरळ दोरवाटेवरून आली, चाकाकडं पाठ करून, तीन पिढ्यांत कुणी आलं नव्हतं तशी. वाकड्या कमरेनं शंभर पावलं चालत आली आणि सुनेसमोर उभी राहिली.

"मी तुला झोपवून ठेवलं ते माझ्या कमरेच्या भीतीनं," ती म्हणाली. "तुझं अंग मी माझंच समजले. चुकलं माझं, पोरी."

 सुनेनं वेटोळीला सोडवून सासूच्या हातात दिली, आणि ती देताना हात गेला नाही.

नणंद त्या नावेनं गेली नाही, दुसरीनंही गेली नाही. "आलेच आहे तर चार दिवस राहते," म्हणाली, "वहिनीला दुपारची झोप तरी मिळेल." टोपलीत दोन्ही पोरी एकीशेजारी एक झोपल्या. दुपारी सून जी झोपली ती पार ऊन उतरेपर्यंत. थकवा काही त्या दिवशी गेला नाही. पुढं कितीतरी दिवस तो यायचा, जायचा. पण आला की तिला ठाऊक असायचं, हा पावलापावलानं परत जाणारा पाहुणा आहे. रडू आधीच कमी झालं होतं. पानगळ झाली तेव्हा ती वाख कमरेला गुंडाळून पुन्हा दोरवाटेवर होती, दिवसाला चार फेऱ्या, मग दहा. गाठींची ती दोरी अजून चाकाच्या आकड्याला टांगलेली आहे. गावातली कुठलीही बाळंतीण चालायला आली की तीच दोरी; सासऱ्यामागं ती नवरा धरायचा, आणि आता वेटोळी धरते. तिलाही पलीकडचा माणूस कळतो.

झालं. संपली गोष्ट.

आता माझे दात. अजून चारच आहेत, मोजून घ्या. गळायला लागायच्या आत एक कबूल करते. शेळीबद्दल विचारू नका. शेळी खरी आहे, नावाड्याला विचारा. शिंकाही खऱ्या. सासू दोरवाटेवरून तोंड पुढं करून गेली, तेही खरं, पीळ काही रुसला नाही.

खोटं आहे ते फक्त सासूचं बोलणं. खांबापाशी जाऊन ती एक अक्षर बोलली नाही. नाक शिंकरलं, पोर घेतली आणि "ऊन लागेल हिला" म्हणून मागं फिरली. ते वाक्य तिच्या तोंडात तेव्हाच आलं होतं, पण बाहेर पडायला एवढी वर्षं लागली. म्हणून आज गोष्टीत घातलं.

ती बघा माझी सून, तिकडं खिडकीपाशी वाख विंचरत बसलीय. मान वर करत नाहीये. पण हात थांबलाय.